गिनाच्या फोटोवरच्या सूचना

आमच्या फोटो क्लबात एक नियम आहे. फोटो पडद्यावर आला की तो कुणाचा हे सांगायचं नाही, आणि ज्याचा असेल त्यानं सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा नियम इलारिओननं केला. त्याच्या मते त्यामुळे मतं निष्पक्ष राहतात. खरं तर आम्ही सगळे एकमेकांचे फोटो लांबूनही ओळखतो. आकाश जांभळं असेल तर तो कालिनाचा. माणसाचं अर्धं डोकं कापलेलं असेल तर बोझिदारचा. आणि दात चमकत असतील तर खुद्द इलारिओनचा.

इलारिओन आयुष्यभर कवळ्या बनवत होता. अर्धं शहर त्याच्या दातांनी चावतं. निवृत्त झाल्यावर त्यानं कॅमेरा घेतला आणि आता तो फोटोतले दात दुरुस्त करतो. यांत्रा नदीवर पाणी पिणाऱ्या एका घोड्याचा फोटो त्यानं एकदा दाखवला होता, त्या घोड्याचेही दात त्यानं पांढरे केले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लबात त्याला उस्ताद म्हणतात. तोच अध्यक्ष.

मी क्लबात गेलो तो गिनामुळे. बस डेपोतली नोकरी संपल्यावर मी दिवसभर घरात तिच्या पायात पायात यायचो, म्हणून तिनंच मला गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पिटाळलं. "जा, तिथे तुझ्यासारखेच रिकामे लोक असतात," म्हणाली. तिचं बरोबर होतं. मी धुक्यातला पूल काढला, चिमणीवरचे करकोचे काढले, गॅरेजचं गंजलेलं दार काढलं. गिनाचा मात्र एकही फोटो काढता यायचा नाही. कॅमेरा दिसला की ती तोंडासमोर हात धरायची. लग्नातल्या फोटोंत फुलांचा गुच्छ तोंडासमोर आहे. आमच्या मुलीच्या, दोराच्या, बारशाच्या फोटोत दोरा आहे, आणि तिच्यामागे गिनाचा तळहात आहे.

ती गेली तेव्हा दारावर आणि खांबांवर लावायच्या मृत्यूच्या कागदांसाठी फोटो हवा होता. ओळखपत्रावरचाच घ्यावा लागला. त्यात ती पोलिसांनी नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसते. चाळिसाव्या दिवसाच्या कागदावर तोच, सहा महिन्यांना तोच. पण वर्षाला कबरीवर दगड उभा राहणार होता, आणि दगडावर फोटो उतरवलेली चिनीमातीची चकती बसते, भट्टीत भाजलेली. ती कागदासारखी पावसात गळून पडत नाही. आम्ही सगळे जाऊ, आणि ती तिथेच राहील. तिथे ओळखपत्र नको होतं मला.

माझ्याकडे एकच फोटो होता. गेल्याच्या गेल्या सप्टेंबरातला. अंगणात पत्र्यावर लाल मिरच्या भाजत होतो, गिना त्यांची सालं काढत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या सालांनी आणि रसानं माखलेले. तोंडासमोर धरणार काय! मी कॅमेरा उचलला. ती म्हणाली, "मेतोदी, ठेव ते आणि मिरच्या पलट." 'पलट'वर मी बटण दाबलं. तोंड अर्धं उघडं, आत सोन्याचा दात, एक भुवई वर, धुरानं एक डोळा बारीक झालेला. अगदी तीच. मिरच्या जळल्या, त्यावरून जे ऐकावं लागलं ते वेगळंच.

फोटोत एकच अडचण होती. धुराचा एक पदर डाव्या डोळ्यावरून गेला होता. मला तो जरासा विरळ करायचा होता, एवढंच. खूप प्रयत्न केले. धूर गेला की डोळाही जायचा. म्हणून मी तो फोटो गुरुवारी नेला. दहा माणसं रोज फोटोंवर हात फिरवत बसतात, एवढं तर सांगतील, असं मला वाटलं.

इलारिओननं दिवा मालवला. पडद्यावर गिना आली, भिंतीएवढी. मी नियमाप्रमाणे गप्प बसलो.

"कल्पना चांगली आहे," इलारिओन म्हणाला. "ग्रामीण विषय. पण मॉडेलची तयारी नाही."

"तोंड उघडं आहे," कालिना म्हणाली. तिचं औषधांचं दुकान आहे आणि ती फोटोकडेही चिठ्ठीकडे बघतात तसं चष्म्यावरून बघते.

"बोलत असावी," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग बोलून झाल्यावर काढायचा ना."

गिनाचं बोलून व्हायची वाट बघितली असती तर मी आजही त्या अंगणात कॅमेरा घेऊन उभा असतो.

"मी तर म्हणतो, हात कापा," बोझिदार म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा. आता त्याला वाटतं की फोटोतून जितकं जास्त काढून टाकावं तितकी कला वाढते. "हात कापा, मिरच्या कापा. नुसता चेहरा ठेवा. चेहऱ्यातही कपाळ कापा."

"मिरच्या कापल्या तर बाई काय करतेय ते कळणार कसं?"

"कळायला कशाला हवं? गूढ राहील."

"आकाश फार फिकं आहे," कालिना म्हणाली. "माझ्याकडे एक छान आहे, समुद्रावरचं. ते लावून बघता येईल."

"त्वचेवर काम हवं," इलारिओन म्हणाला. त्याच्या हातात लाल टोकाची काठी होती, ती त्यानं गिनाच्या गालावर टेकवली. मग ओठांवर आणली. "आणि हे बघा. सगळा फोटो इथे बिघडतो. एक दात पिवळा पडलाय. प्रेक्षकाची नजर थेट तिथे जाते."

पिवळा पडलाय! गिनाच्या आईच्या कानातलं डूल वितळवून तो दात केला होता. आणि हे म्हणणारा माणूस कवळ्या करणारा! चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घातले, आणि सोनं ओळखू आलं नाही. बरं, गिना त्याला माहीत नव्हती असंही नाही. दर शरद ऋतूत तो आमच्याकडून मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या घेऊन जायचा आणि रिकाम्या बरण्या कधी परत करायचा नाही. त्या फोटोतल्या मिरच्यांची चटणीही त्यानं खाल्ली होती. तरी ती त्याच्यासाठी 'मॉडेल' होती. फोटो पडद्यावर आला की ह्या लोकांना माणूस दिसतच नाही, फक्त काय दुरुस्त करायचं ते दिसतं.

शेवटी इलारिओन म्हणाला, "आता छायाचित्रकारानं बोलावं."

मी उठलो. "मला फक्त विचारायचं होतं, डाव्या डोळ्यावरचा धूर थोडा विरळ कसा करायचा. दगडासाठी हवाय."

कुणीतरी दिवा लावला. मग कालिनानं चष्मा वर केला. "अय्या! ही गिना?"

"हो."

"अहो मेतोदी, मग आधी नाही का सांगायचं!"

"नियम आहे ना."

बोझिदारनं खाकरून घसा साफ केला. "दगडासाठी असेल," तो म्हणाला, "तर मग कपाळ राहू द्या."

इलारिओन माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "माझ्यावर सोड," म्हणाला. "गिनासाठी मी स्वतः करतो. असं करतो की बघत राहशील."

क्लबाची अजून एक पद्धत आहे. दाखवलेला फोटो क्लबाच्या कॉम्प्युटरवर राहतो, आणि ज्याला वाटेल त्यानं तो उचलून आपली आवृत्ती करायची आणि फोनवरच्या गटात टाकायची. ह्याला ते मैत्री म्हणतात. रविवारपर्यंत माझ्या बायकोच्या तीन आवृत्त्या झाल्या. कालिनाच्या आवृत्तीत गिना जांभळ्या समुद्राकाठी मिरच्या सोलत होती. बोझिदारनं एक डोळा आणि एक मिरची ठेवली होती, काळ्यापांढऱ्यात. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'धाडसी', 'मिरची अजून थोडी डावीकडे हवी होती'.

आणि इलारिओनची आवृत्ती. सोन्याचा दात गेला, त्या जागी पांढरा आला, शेजारचेही पांढरे झाले. सुरकुत्या गेल्या. वर चढलेली भुवई खाली आली, ओठांची टोकं वर गेली. दोन्ही डोळे सारखे मोठे आणि थोडे निळसर. मागचं कोठार जाऊन तिथे निळं आकाश आलं. धूर मात्र गेला नव्हता. धूर त्यानं 'वातावरण' म्हणून वाढवला होता, तो तिच्या डोक्याभोवती पसरून चर्चमधल्या संतांच्या चित्रासारखा दिसत होता. मी एकच गोष्ट काढायला सांगितली होती, ती सोडून त्यानं सगळं काढलं.

ती बाई सुंदर होती, नाही म्हणत नाही. टूथपेस्टच्या खोक्यावर शोभली असती. माझ्या घरात मात्र ती कधी राहिली नव्हती.

मी गटात लिहिलं, 'आभार. मी मूळचाच वापरीन.' मला वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. इलारिओननं ती आवृत्ती माझ्या मुलीला पाठवली होती. दोरा व्हॅलेन्सियाला असते, तिथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते. दगडाचं सगळं तिनंच फोनवरून ठरवलं होतं, कारण त्या वेळी मला कुणाशी बोलवत नव्हतं. बुधवारी तिचा फोन आला. रडत होती.

"बाबा, इलारिओनकाकांनी किती छान केलाय रे आईचा फोटो!"

"ती तुझी आई नाही, दोरा."

"असं काय बोलतोस? आईच आहे. फक्त जरा... आराम मिळाल्यासारखी."

"दात कुठे गेला तिचा?"

"बाबा, दगडावर दात दिसायलाच हवा का?"

"दिसत होता. मी दाखवलेला नाही, तिनं तोंड उघडलं होतं."

"तुला ती कायम ओरडतानाच हवी आहे का?"

"ओरडत नव्हती. मला मिरच्या पलटायला सांगत होती."

तिनं नाक पुसल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "मी पाठवलाय दगडवाल्याला. चकती भट्टीत गेली सुद्धा. बाबा, मी शेवटी तिथे नव्हते. मला एवढं एक करू दे ना."

मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि फोटो मोठा करून धुराकडे बघत बसलो. नंतर इलारिओन मला बाजारात भेटला, काकड्या निवडत होता. म्हणाला, "बघ, मुलीला आवडला. तरुण डोळ्यांना बरोबर कळतं." मी त्याच्या काकड्यांकडे बघितलं. सगळ्या एका मापाच्या, सरळ, एकही वाकडी नाही.

वर्षाचा दिवस शनिवारी आला. दोरा आदल्या दिवशी पोचली होती. कबरीपाशी वाटायचे गहू उकडून साखर घालून तिनंच केले, गिनासारखे नाही, पण केले. कबरस्तानात आम्ही लवकर गेलो. लाकडी क्रूस काढून तिथे नवा दगड उभा केला होता, त्या रांगेतल्या बाकीच्या नव्या दगडांसारखाच करडा. आणि त्यावर ती बाई. उन्हात दात इतके चमकत होते की लांबून मला वाटलं कुणी दगडाला आरसा लावलाय.

दोरानं फुलं ठेवली. तिनं चकतीवरून बोट फिरवलं.

मग क्लब आला. इलारिओन काळ्या कोटात, कालिना गुलदस्ता घेऊन, बोझिदार गळ्यात कॅमेरा अडकवून. कालिनानं दोराला जवळ घेतलं, दोन अश्रू काढले, आणि मग तिघंही दगडासमोर उभे राहिले. डोकं एका बाजूला कलतं केलेलं. ती मान मला ओळखीची होती. गुरुवारी सगळ्यांची तशीच असते.

"भट्टीत निळा जरा जास्त उतरलाय," इलारिओन हळूच म्हणाला.

"पण दात छान आलेत हं, उस्ताद," कालिना म्हणाली.

"चकती लंबगोल असते हे आधी सांगायला हवं होतं," बोझिदार म्हणाला. "कापणी वेगळी केली असती."

"मी तर म्हणतो कॉन्ट्रास्ट..." इलारिओननं सुरू केलं.

"इलारिओन," मी म्हणालो, "ही कबर आहे."

"अरे, म्हणून तर हळू बोलतोय."

पाद्री आले. त्यांना त्या सकाळी अजून दोन ठिकाणी जायचं होतं, आणि ते हे लपवत नव्हते. पण नेद्याल्का आली नव्हती. नेद्याल्का म्हणजे आमची शेजारीण, गिनाची मैत्रीण, शाळेपासूनची. कबरीवर ओतायच्या वाइनची बाटली तिच्याकडे होती, आणि तिच्याशिवाय सुरू केलं असतं तर तिनं मला मरेपर्यंत ऐकवलं असतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनला भिते. अक्षरं तिला लागत नाहीत, पण चेहरा लागतो, जवळ गेली की. कबरस्तानात ती दगडांवरच्या चेहऱ्यांवरूनच जाते, आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या जातात. आधी ती आमच्या लाकडी क्रूसाच्या खुणेनं यायची. क्रूस आता नव्हता.

"मी बघतो," मी म्हणालो. दोरा माझ्याबरोबर निघाली.

फार लांब जावं लागलं नाही. रांगेच्या टोकाला नेद्याल्का एका दगडापाशी उकिडवी बसली होती. मेणबत्ती लावली होती, वाइन ओतून झाली होती, आणि ती बोलत होती.

"...आणि त्या पेत्रानाच्या सुनेनं कुंपण आपल्याकडे सरकवलंय, ऐकलंस का? मी म्हटलं, गिना असती तर तुझी हिंमत झाली असती का, बये? अगं, अशी बघू नकोस माझ्याकडे. गुडघे दुखतात, म्हणून उशीर झाला. आले ना शेवटी?"

दोरा थांबली. मी दगडाकडे बघितलं. त्यावर तोदोर्का नावाची कुणी बाई होती, डोक्याला रुमाल बांधलेली. जुना फोटो, कुणीही हात न लावलेला. ओठ घट्ट मिटलेले, एक भुवई वर, फोटो काढणाऱ्याला दुसरं काही काम नाही का असं विचारल्यासारखी नजर. गिनासारखी नव्हती. नाक वेगळं होतं, हनुवटी वेगळी. पण आमच्या दगडावरच्या बाईपेक्षा ती जास्त गिना होती.

"नेद्यामावशी," दोरा म्हणाली, "तू इथे का बसलीस?"

"इथे नाही तर कुठे बसू? कोण, दोरा का तू? ये गं, ये. आलीस तर! ही बघ, किती रागावलीय तुझी आई, सगळे कुठे राहिलेत म्हणून."

"मावशी, तू आमच्यासमोरून नाही का गेलीस? आम्ही तिथे उभे होतो."

"गेले ना. माणसं दिसली. दगडही बघितला, जवळ जाऊन. कुणीतरी टीव्हीवरची पोरगी आहे तिथे, बिचारी. इतकी तरुण. मी छातीवर क्रूस केला आणि पुढे आले."

दोरा खाली बसली. त्या तोदोर्काकडे तिनं बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता रडेल, आणि मी खिशात रुमाल शोधायला लागलो. पण ती रडली नाही. तिचे कान लाल झाले. लहानपणी चोरी पकडली की व्हायचे तसे.

"बाबा," ती वर न बघता म्हणाली, "ती चकती काढता येते का?"

"येते. पण आख्खी निघत नाही. फुटते."

"फुटू दे."

"दोरा, तुला हवी होती..."

"मला माहीत आहे मला काय हवं होतं. तो मिरच्यांचा फोटो फोनमध्ये आहे का तुझ्या? आत्ता पाठव मला. मूळचा. मी दगडवाल्याशी बोलते."

मी पाठवला. तिनं तो उघडला आणि तिथेच उन्हात उभी राहून बघितला. तिला तो बघणं सोपं जात नव्हतं, हे मला दिसत होतं. एकदा तिनं फोन पालथा केला आणि परत सरळ केला.

आम्ही नेद्याल्काला दोन्ही बाजूंनी धरून परत आणलं. इलारिओननं फोन बघितला, मान लांब केली.

"हा? अरे, पण ह्यात धूर आहे. द्या, मी संध्याकाळपर्यंत..."

"काका," दोरा म्हणाली, "तुम्ही हात लावायचा नाही."

"मी फक्त डोळ्यापुरता..."

"डोळ्यालाही नाही. कशालाच नाही. आणि गटातून आईचे सगळे फोटो काढा. आजच. मिरचीवालाही."

बोझिदारनं कॅमेरा कोटाखाली लपवला. कालिना म्हणाली की मुलीला प्रवासाचा थकवा आलाय. इलारिओनचा चेहरा पडला. खरं सांगतो, मला वाईट वाटावं असाच तो चेहरा होता, पण वाटलं नाही. त्यानं मनापासून केलं होतं, हे मला कळत होतं. ह्या लोकांचं सगळं मनापासूनच असतं, आणि म्हणूनच त्यांना कुणी थांबवत नाही.

पाद्रींनी घड्याळ बघितलं आणि सुरुवात केली. बाटलीत तळाला थोडी वाइन उरली होती, बाकीची तोदोर्काला मिळाली. कुणाला तरी मिळाली, हरकत नाही. नेद्याल्का माझा दंड धरून उभी होती. प्रार्थना अर्ध्यावर आली तेव्हा ती पुढे वाकली, डोळे बारीक केले आणि दगडावरच्या दातांकडे बोट दाखवून, तिला कुजबुज वाटते तेवढ्या मोठ्यानं विचारलं, "आणि ही कोण गं?"

"कुणी नाही, मावशी," दोरा म्हणाली. "सोमवारी जाईल."